अंगावरचा खोटा आकडा

मित्रांनो, मी बॅटरीचा एक जुना सेल आहे. आता मला सेल म्हणायलाही तुम्ही कचराल, कारण माझं टोक उडालंय, पोट फाटलंय आणि आतला ऐवज जळून कोळसा झालाय. डोंगराळ नारीन शहराच्या बाजारात कुबातच्या दुरुस्तीच्या दुकानात, एका पत्र्याच्या डब्यात मी पडून असतो. "हा कचरा कशाला जपून ठेवलाय?" असं गिऱ्हाइकानं विचारलं तर कुबात मान खाली घालतो. म्हणून माझी कहाणी मलाच सांगावी लागते.

माझा जन्म लॅपटॉपसाठी झाला. आम्ही सहा भावंडं एकाच खोक्यात पाठीला पाठ लावून राहायचो. थोडी थोडी वीज द्यायची आणि तासन्‌तास देत राहायचं, एवढंच आमचं काम. माझ्याकडून एका वेळी पाच अँपिअरच्या वर करंट ओढू नये, हे कारखान्यानं ठरवूनच मला घडवलं होतं. मी नांगराचा बैल होतो, शर्यतीचा नव्हे. पण नांगराच्या बैलालाही मान असतो. माझ्या जिवावर एका मास्तरांनी कित्येक हिवाळे मुलांचे धडे तयार केले.

लॅपटॉप मेला आणि आम्ही कुबातच्या हाती आलो. त्याचा हात मोठा गुणी. मेलेले रेडिओ, मुके फोन त्याच्या टेबलावर येऊन बोलू लागत. त्यानं आम्हांला सोडवलं, तपासलं आणि आमच्या विटलेल्या प्लॅस्टिकच्या साली सोलून लालभडक नव्या साली चढवल्या. त्यांवर छापलं होतं : तीस अँपिअर. उघडा होतो तेव्हा मला लाज वाटली नव्हती, ती हे कपडे चढवल्यावर वाटली.

त्याच्या बायकोनं, गुलबारानं, विचारलंसुद्धा, "अहो, हे तीस खरे आहेत का?"

"टॉर्चमध्ये घालणार लोक," कुबात म्हणाला. "तिथं कोण मोजायला बसलंय?"

पण बाजारात तेव्हा वाफ ओढायच्या नळ्यांचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटींचं, खूळ आलं होतं. पोरं येत, लाल साल बघून भुलत आणि सेल घेऊन जात. माझी भावंडं अशीच एकेक करून गेली. कुणाच्या हाती गेली, ते कुबातनं विचारलं नाही.

मला मात्र घरातच जागा मिळाली. गुलबाराची धाकटी बहीण तोल्कुन एक दिवस दुकानात शिरली. आमच्याकडे मेहुणीनं दाजीची वस्तू उचलली, की दाजीनं हसत हसत द्यायची असते. हात आखडला तर गावभर शोभा होते. तोल्कुननं नेमकी वाफ ओढायची पितळी नळी उचलली आणि त्या नळीत मी होतो.

"दाजी, ही माझी."

"अगं, ती ठेव. हेडफोन घे की छान."

"हेडफोन तुम्हांलाच राहू द्या. ताई हाका मारून दमते, तुमचे कान गेलेत म्हणून."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. ती खो-खो हसली. खरं सांगितलं तर सालीचं बिंग त्या दोघांदेखत फुटणार! कुबात एवढंच म्हणाला, "बरं, पण आतली तापायची तार मी गुंडाळून देतो."

तोल्कुन तेमिर-कोमुझ वाजवायची. ते छोटंसं लोखंडी वाद्य दातांना टेकवून बोटानं छेडायचं असतं. वसंतात बिश्केकच्या मोठ्या मंडळाबरोबर दौऱ्यावर जायला तिची निवड झाली होती. त्या दौऱ्याचा सगळा भार तिच्या दातांवर आणि ओठांवर होता. कुबातला हे ठाऊक होतं.

त्यानं तारेचं लांब वेटोळं बसवलं, एक ओहम रोधाचं. रोध म्हणजे करंटच्या वाटेतली अडवणूक. माझा जोर चार व्होल्टचा, त्याला एकनं भागलं की करंट चार अँपिअर आणि शक्ती सोळा वॉट. एवढं मी सुखानं पेललं असतं. पण रोध निम्मा केला तर करंट दुप्पट होतो, शक्तीही दुप्पट होते, आणि तो सगळा बोजा सेलच्या पाठीवर येतो. शहाण्या नळीत एक चिप असते, ती वेळीच वीज तोडते. या नळीत तसलं काहीच नव्हतं. होतं ते एक बटण आणि मी.

नारीनच्या कडाक्याच्या थंडीत माझं अंग आखडून जाई. वाफ निघे ती नावापुरती. तोल्कुन वैतागली. "वाफ कसली ही! थंडीत नुसती बोलले तरी याहून जास्त निघते," म्हणत ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मिरबेककडे गेली. नळ्या विकणारा मिरबेक काही अडाणी नव्हता. त्यानं माझी साल वाचली, चार व्होल्टला तीसनं भागलं, वर थोडी सूट ठेवली आणि जाड तारेचं आखूड वेटोळं बसवलं. मापकावर आकडा आला शून्य दशांश पंधरा ओहम. त्याचा हिशेब चोख होता. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे?

रविवारी कुबातच्या सासुरवाडीला जेवण होतं. घरात शेगडी ढणढणत होती. तोल्कुननं मला काठोकाठ चार्ज केलं होतं आणि त्या उबेत माझं आखडलेलं अंग मोकळं झालं. तिनं एक झुरका घेतला, तर खोलीभर ढग. पोरांनी टाळ्या पिटल्या. माझ्या पोटात मात्र काहीतरी करपायला लागलं.

कुबातनं मान वर केली. "ही वाफ माझ्या तारेची नाही."

"मिरबेकच्या तारेची आहे. तुमची तार म्हातारी झाली होती, दाजी, तुमच्यासारखीच."

"तोल्कुन, दे ती इकडे."

"दिलेलं परत मागताय? आई, बघ गं तुझा जावई!"

"ते तीस खोटं आहे. साल मी चढवलीये. शप्पथ!"

सासरे हसता हसता डोळे पुसू लागले. दाजीनं मेहुणीला थापा मारायच्या, ही त्या घरातली नेहमीची थट्टा; म्हणून त्याची गोष्ट कुणी खरी मानतच नसे. कुबातचा चेहरा पांढरा पडला तशी सगळी आणखीच हसली. तोल्कुननं त्याच्याकडे रोखून बघत नळी ओठांना लावली आणि त्याला चिडवायला म्हणून बटण दाबून धरलं.

कुबात जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरून धावला. त्याचा पाय नानवर पडला. आमच्याकडे भाकरीवर पाय देणं म्हणजे महापाप. "जावईबापू, नान!" सासू किंचाळली आणि तेव्हा कुठे हसणं थांबलं. कुबातनं नळी तिच्या तोंडातून हिसकावली. बटण सुटलं होतं, पण माझ्या पोटातली आग आता कुणाच्या बटणाची राहिली नव्हती. तो दारापर्यंत पोचायच्या आत त्याच्या मुठीतच मी फुटलो.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तीच सोल्डरिंगची बोटं. तोल्कुनच्या ओठाला साधा ओरखडाही आला नाही. ती वसंतात दौऱ्यावर गेली. पण निघण्याआधी दुकानात येऊन हमसून हमसून रडली. "दाजी, मला थट्टाच वाटली हो." कुबात म्हणाला, "चूक तुझी नाही, पोरी. माझं खोटं ऐकायची सवय मीच लावली होती तुम्हांला." त्याची मला फार दया येते, आणि रागही येतो.

मित्रांनो, असल्या नळीच्या नादी लागू नका, हे तर आहेच. पण कुठल्याही वस्तूवर मोठा आकडा दिसला, की तो तिथं कुणी चिकटवला, हे आधी विचारा. आम्ही मुक्या वस्तू तुमचा बोजा निमूट उचलतो आणि तो पेलेनासा झाला तरी सांगू शकत नाही.

कुबात आता रोज सकाळी बाजाराच्या तोंडाशी उभा राहतो. कुणी वाफ सोडताना दिसला, की तीन बोटं उरलेला हात पुढे करतो, "दाखव बघू, भाऊ, तुझा सेल लाल आहे का?" काही दाखवतात, काही शिव्या घालतात. माझी चार भावंडं परत आली आहेत, या डब्यात माझ्या शेजारी आहेत. पाचवं अजून कुणाच्या तरी तोंडाशी आहे.