सिमेंटवरची ताडपत्री

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे, आणि तीही अर्धी. माझ्या तीन कडांना पितळेच्या कड्या आहेत. चौथी कड नुसती सुतासुतांची आहे, कारण ती कापलेली नाही, फाटलेली आहे. लहान मुलांच्या गोष्टीत भांडण असू नये असे म्हणतात. पण माझ्या आयुष्यातून भांडण वगळले तर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

मी जाड सुती कापडाची. नागपुरातल्याच एका कारखान्यात मला मेण पाजले, हिरवा रंग दिला आणि उन्हात ताणून वाळवले. दादाजी नावाच्या एका ट्रक ड्रायव्हरने मला विकत घेतले. त्यांच्या ट्रकवर मी संत्र्यांच्या पेट्या झाकल्या, कापसाच्या गाठी झाकल्या, एकदा तर अख्ख्या वरातीचे सामान झाकले. रायपूर, जबलपूर, अमरावती, सगळे रस्ते मी उताणी पडून केले. रस्ता असा दिसलाच नाही, आभाळ तेवढे दिसले. दादाजी मला जपत. परत आल्यावर झटकत, उन्हात पसरत आणि मगच घडी घालत. ती माझी सुखाची वर्षे.

मग त्यांच्या डोळ्यांना कमी दिसू लागले आणि ट्रक विकला गेला. दादाजी ख्रिस्ती होते. नागपुरातल्याच जरीपटका वस्तीच्या अलीकडे त्यांच्या मंडळीचे छोटेसे चर्च होते. तिथे दरवर्षी हंगामाचा सण होई. ज्याच्याकडे जे पिकले असेल ते त्याने देवापुढे आणून ठेवायचे: कोहळे, तुरीच्या शेंगा, एखादी कोंबडी, घरी विणलेली पिशवी. उपासना संपली की आवारात त्या वस्तूंचा लिलाव होई आणि लोक चढाओढीने बोली लावत. दादाजींकडे ना शेत होते, ना कोंबडी. ते मला खांद्यावर टाकून घेऊन गेले.

लिलाव पुकारत होते मंडळीचे सेक्रेटरी मधुकरराव. उंच माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी माझे एक टोक नाकाजवळ नेले आणि म्हणाले, "दादाजी, देवाले डिझेलचा वास चालते काय?"

लोक हसले. एका कोंबडीसाठी भांडणाऱ्या त्या लोकांपैकी एकानेही माझ्यावर बोली लावली नाही. दादाजी खाली मान घालून घरी गेले, आणि मी गेले चर्चच्या पडवीतल्या मोडक्या बाकांमागे. तिथे मला उंदरांशिवाय कुणी विचारले नाही.

तिथून मला पुष्पलताबाईंनी बाहेर काढले. त्या रविवारी सकाळी बालवर्ग घेत. अजून नीट बोलताही न येणारी, नाक पुसायला शिकणारी पोरे त्यांच्या भोवती असत. त्या वर्षी धडा होता निवासमंडपाचा. बाई सांगायच्या, "देवाचे लोक रानात तंबूत राहत होते. तेव्हा देव म्हणाला, माझ्यासाठीही एक तंबू करा. मी तुमच्यामध्ये राहीन." एवढे बोलून त्यांनी मला आवारातल्या कडुनिंबाच्या खालच्या फांदीवरून टाकले, दोऱ्या ताणल्या, खुंट्या ठोकल्या, आणि मी निवासमंडप झाले. बिस्किटाच्या डब्याला सोनेरी कागद लावून त्यांनी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पेटी, केला. कणकेचे दिवे करून ते एका फळीवर मांडले. आत एक जुने लुगडे आडवे बांधून देवाची खोली वेगळी केली. कालपर्यंत माझ्या वासाला हसणारे लोक आता आपल्या नातवंडांना बोट धरून मला दाखवायला आणू लागले. खरे सांगते, मी तेव्हा फार ताठ उभी राहत असे.

मुलांना सगळ्यात आवडे तो ढगाचा खेळ. रानात देवाच्या तंबूवर ढग थांबे. ढग थांबला की लोक मुक्काम करत. ढग उठला की तंबू उचलून निघत. बाई काठीला पांढरा पंचा बांधून तो माझ्यावर धरत. मग काठी उंच करून म्हणत, "ढग उठला." लगेच पोरे खुंट्या उपटत, दोऱ्या सोडत आणि मला ओढायला लागत.

"बाई, कुठं न्यायचं?" पोरे विचारत.

"लोक जातील तिकडं. लोक जिथं, देव तिथं."

दोऱ्या सोडायचे काम नीलाचे होते. नीला चार वर्षांची. चर्चच्या भिंतीमागे बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या होत्या. तिथे तिची आई कांताबाई आणि बाप नत्थू राहत. दोघे भंडाऱ्याकडून कामाला आलेले. भिंतीला एक खिंडार होते. त्यातून नीला आणि तिथली पोरे रविवारी आत येत. गाठ घट्ट असली तर नीला ती दातांनी सोडवी.

हे मधुकररावांच्या डोळ्यांत खुपे. पंचांच्या सभेत त्यांनी विषय काढला. सभा कडुनिंबालगतच्या पडवीत होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"हे पोट्टे लेमनच्या गोळ्यांसाठी येतात," ते म्हणाले. "देवाचं काही घेणंदेणं नाही यांले."

"आपलेही गोळ्यांसाठीच येतात, मधुकरराव," पुष्पलताबाई म्हणाल्या. "तुमची देवकी तर दोन मागते."

देवकी म्हणजे मधुकररावांची नात. कुणीतरी खाकरले. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बाबाराव भांडणाला घाबरणारे गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, "एवढ्यात काही नको. पण पुष्पलता, तिकडच्या पोरांची एक जरी तक्रार आली, तर खिंडार बुजवावं लागेल."

भिंतीपलीकडची माणसेही काही गोड नव्हती. नत्थूने एकदा खिंडारात उभे राहून बाईंना सुनावले, "पोरीले काही उलटंसुलटं शिकवून बाटवसान, तर मी पाहून घेईन."

"मी तिला गाठ सोडवायला शिकवते आहे," बाई म्हणाल्या.

"ते तिले आईच्या पोटातूनच येते," असे म्हणून तो निघून गेला.

म्हणजे बाई दोन्हीकडून बोलणी खात होत्या, आणि एका तक्रारीवर सगळे टांगलेले होते.

त्याच हिवाळ्यात चर्चच्या नव्या हॉलचे काम निघाले. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळे. मधुकररावांनी त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, बाबू लोकांची बोलणी ऐकली, आणि अखेर पोती आणली. एवढ्या कष्टाने आणलेल्या पोत्यांवर झाकायला काही हवे होते. त्यांनी मला कडुनिंबावरून खाली ओढले.

"बालवर्गाचा तंबू आहे तो," बाई म्हणाल्या.

"लिलावात बोली लागली नाही, म्हणजे वस्तू मंडळीची. आता मंडळीले तिचं काम आहे."

मी सिमेंटच्या पोत्यांवर जाऊन पडले. कांताबाई त्याच कामावर बांधकामाच्या मसाल्याच्या टोपल्या वाहत होती, म्हणून नीला दिवसभर तिथेच खेळे. पोरांनी मला ओळखले. तंबू इथे आला म्हणजे देवही इथेच आला, हे त्यांच्या दृष्टीने उघड होते. येता-जाता ती माझ्यापुढे हात जोडत. "देव सिमिटावर बसला," असे नीलाने देवकीला समजावले, आणि देवकीने ते घरी जाऊन आजोबांना सांगितले. दुसऱ्या दिवसापासून मधुकरराव पोरांना दिसताक्षणी हाकलू लागले.

मार्च महिन्यात एके दुपारी पश्चिमेकडून काळा ढग आला. विदर्भात मार्चमध्ये असा ढग आला की म्हातारी माणसे आधी पोरांना आत घेतात, कारण गारा पडतात. ढग चर्चवर येऊन थांबला. वारा असा सुटला की माझ्या दोऱ्या सैल झाल्या. मजुरांनी घमेली टाकली आणि ते आपापली छपरे सांभाळायला झोपड्यांकडे धावले. मधुकरराव लोखंडी सळया पाहायला सीताबर्डीच्या बाजारात गेले होते. आवारात मोठे माणूस कुणी उरले नाही. वाऱ्याने ढग थोडा पुढे सरकला.

नीलाने वर पाहिले आणि म्हणाली, "ढग उठला."

मित्रांनो, पुढे जे झाले ते खोडकरपणाने झाले नाही. पोरांनी धडा नीट पाठ केला होता, एवढेच. नीलाने दोऱ्या सोडल्या. देवकीने आणि बाकीच्यांनी माझी टोके धरली. मी काही हलकी नव्हते, पण मुंग्या झुरळाला नेतात तसे त्यांनी मला नेले. कुठे न्यायचे हा प्रश्नच नव्हता. लोक झोपड्यांकडे पळाले होते. खिंडारातून मला ओढताना माझी एक कडी विटेत अडकली, ती नीलाने सोडवली.

मी झोपड्यांपाशी पोचले आणि गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या गारा. कौले फुटू लागली. कांताबाईने मला पाहिले, आणि लगेच तिने आणि नत्थूने मला चार बांबूंवर ताणले. आजूबाजूची सगळी पोरे, एक बाळंतीण आणि कुणाची तरी शेळी माझ्याखाली आली. देवकीही त्यांच्यात होती. वरून मला मार बसत होता; खाली कुणाच्या डोक्याला खोक पडली नाही.

भिंतीआड, चर्चच्या आवारात, सिमेंट भिजत होते.

सकाळी मधुकरराव खिंडारातून आले. बहुतेक पोती दगडासारखी घट्ट झाली होती. त्यांच्या मागे देवकी आणि पुष्पलताबाई धावत आल्या.

"कोणी नेली ही?" त्यांनी विचारले.

"आमी," नीला म्हणाली. "ढग उठला होता."

मधुकररावांनी बाईंकडे वळून पाहिले. "हे कोणी शिकवलं?"

"मी शिकवलं," बाई म्हणाल्या.

"छान शिकवलं. माझं हिवाळाभराचं जोड्यांचं झिजणं पाण्यात गेलं. आता तक्रार मीच करतो. हे पोट्टे पुन्हा फाटकाच्या आत येणार नाहीत." आणि त्यांनी माझे टोक धरून ओढले.

कांताबाईने दुसरे टोक धरले. "साहेब, छप्पर फुटलं माह्यं. बाळंतीण हाय खाली. कवेलू येईपर्यंत राहू द्या."

"चर्चची वस्तू आहे. सोड वं."

"लिलावात नको होती तवा? आता काहून पाह्यजे? डिझेलचा वास गेला वाट्टे."

लिलावातली ती थट्टा भिंतीपलीकडेही पोचली होती. माझ्याखालच्या बायका हसल्या. त्या हसण्याने मधुकररावांचा चेहरा तापला. त्यांनी जोर लावला. इतके दिवस बाईंवर गुरगुरणारा नत्थू उठला आणि बायकोच्या बाजूला येऊन त्यानेही मला धरले. बाई "थांबा, थांबा," म्हणत राहिल्या. कुणी ऐकले नाही. जबलपूरच्या घाटात तुटले नाही ते माझे कापड तिथे वरपासून खालपर्यंत फाटले.

आवाज मोठा झाला. बाळंतिणीचे पोर रडू लागले. दोन्हीकडची माणसे आपापला तुकडा धरून उभी राहिली.

नीलाने बाईंचा पदर ओढला. "बाई, देव आता कोनत्या तुकड्यात हाय?"

मधुकरराव म्हणाले, "ऐका. हे शिकवता तुम्ही." एका हातात देवकीचे बोट आणि दुसऱ्या हातात आपला तुकडा, असे ते खिंडारातून परत गेले. त्याच आठवड्यात खिंडार बुजवले. वाचलेल्या सिमेंटचा पहिला उपयोग तो झाला. तो तुकडा दगड झालेल्या पोत्यांवर टाकला होता. तिथेच तो कुजला असे ऐकले. बोलते आहे ती झोपड्यांकडे राहिलेली मी.

रविवारी पुष्पलताबाई बिस्किटाचा डबा घेऊन चर्चच्या फाटकाशी आल्या. आत मंडळीची मुले बसली होती. मधुकरराव फाटकात उभे होते.

"आत या," ते म्हणाले. "पण तिकडं गेलात, तर बालवर्ग तुमच्याकडं राहणार नाही. पंचांनी ठरवलं आहे."

बाईंनी आतल्या मुलांकडे पाहिले. देवकीने हात हलवला. बाईंनीही हलवला. मग भिंतीला वळसा घालून, नाल्याच्या काठाने त्या झोपड्यांकडे आल्या. त्या चर्चमध्ये त्यांनी पुन्हा कधी शिकवले नाही. पुढच्या हंगामाच्या सणाला त्यांना कुणी बोलावलेही नाही.

कांताबाईने मला दोन बांबूंवर टाकले. मी आता इतकी लहान होते की पोरे गुडघे पोटाशी घेऊन बसली तेव्हा कुठे मावली. मध्ये लुगडे बांधायला जागाच नव्हती. नीला इकडे तिकडे पाहू लागली.

"बाई, देवाची खोली?"

"वेगळी खोली होत नाही गं आता," बाई म्हणाल्या. "आता सगळे एकाच खोलीत."

नीलाने यावर विचार केला. मग तिने शेजारच्या पोराला कोपराने ढोसले.

"सरक नं मंग. त्याले बसू दे."

पोरे सरकली. एकमेकांच्या मांडीवर चढली, कुरकुरली, पण सरकली. मधोमध हातभर जमीन मोकळी राहिली. बाहेर नत्थू बिडी ओढत उभा होता. माझी एक दोरी सैल पडली होती, ती त्याने येऊन आवळली.

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर माझ्यासारखी एखादी ताडपत्री पडली असेल. तिला खाली काढा, ऊन दाखवा, फाटली असेल तर दाभणाने शिवा. ती कुणाची, यावरून ओढाताण करू नका. आम्ही कापडे आहोत, आम्ही फाटतो. आणि तिच्याखाली बसाल तेव्हा थोडे सरकून बसा.