चटणीतली किल्ली

पलूसच्या हंबीररावांची सायकल सांगलीत चोरीला गेली. विमा होता, पोलिसांत तक्रारही दिली होती. पण विमावाल्या साहेबांनी कुलपाच्या दोन्ही किल्ल्या मागितल्या. त्याशिवाय भरपाई मिळणार नव्हती.

जादा किल्ली नवरा हरवेल म्हणून बायकोनं, मनुबाईनं लपवलेली, आणि तिला जाऊन वर्ष होत आलेलं. हंबीररावांनी घरातला डबा न् डबा उपसला. शेवटी किल्ली कांदा-लसूण चटणीच्या बरणीत सापडली.

साहेबांनी ती हातात घेऊन नंबर जुळवला, दावा मंजूर केला आणि नेमका डोळा चोळला.

"आगागा! आवं काका, धुऊन तरी आणायची!" साहेब टेबलाभोवती नाचत ओरडले.

"तिच्या हातची शेवटची चटणी हाय, साहेब," हंबीरराव म्हणाले. "नळाखाली कशी धरू?"