घरच्या गाडीचे टायर

थोरलीचं डोकं सकाळी दुकानाचं शटर वर करतानाच फिरलं होतं. पावसामुळे नव्हे. पावसावर चिडायला ती काही खुळी नव्हती. दुकानाच्या दारात ती पिवळी गाडी उभी होती, आणि गाडीशेजारी तिचा धाकटा भाऊ असा ऐटीत छत्री धरून उभा होता, की जणू गाडीला सर्दी होईल.

गाडी तरी कसली! पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, बसणार दोनच माणसं, आणि ताकद मात्र ट्रक ओढेल एवढी. ती सगळी ताकद जायची मागच्या दोन चाकांना. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं, मागच्यांनी ढकलायचं. कोरड्या रस्त्यावर ठीक आहे, पोरं टाळ्या वाजवतात. ओल्या रस्त्यावर त्याच चाकांना जरा जास्त ढकलायला सांगा, की मागचा भाग पुढे यायला बघतो. धाकट्याने तिचं नाव ठेवलं होतं ‘वाघीण’. थोरली तिला ‘ते पिवळं’ म्हणायची.

आणि आज ‘ते पिवळं’ तिच्या लेकीला घेऊन डोंगरापलीकडच्या शहरात जाणार होतं. चिमीची पोहण्याची निवड चाचणी दुपारी होती. मामाने महिनाभर आधीच कबूल केलं होतं, “तुला वाघिणीतून नेतो, उतरशील तेव्हा सगळे बघत राहतील.” चिमीचे बाबा बोटीवर कामाला, तेव्हा ते असून नसल्यासारखे. थोरली महिनाभर मनातल्या मनात धुसफुसत होती, पण लेकीचा चेहरा बघून गप्प बसली होती. महिनाभर ऊन होतं, हेही खरं.

“ताई, तोंड का असं?” धाकटा म्हणाला. “एरंडेल प्यायलीस का?”

ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि टायरवर तळहात फिरवला. चाकांची दिशा नीट करणं हे तिचं काम, त्यामुळे टायर दिसला की हात आपोआप जायचाच. हात फिरला आणि तिथेच थांबला. मध्ये खाचा जवळजवळ नव्हत्याच. कडेला थोड्या होत्या, त्याही लाजत लाजत.

“हे कुठले टायर आहेत?”

“मागचे.”

“ते मलाही दिसतंय, शहाण्या! कुणाचे आहेत?”

“एका गिऱ्हाइकाने बदलले ना गेल्या आठवड्यात. अगं, अजून चालतील. पुढे त्यातलेच बरे टाकलेत मी. वळवायला पुढचेच लागतात.”

आता तुम्हीच सांगा, टायरच्या दुकानात जन्मलेला माणूस असं बोलतो? पण धाकटा बोलला, आणि त्याला लाजही वाटली नाही, कारण या घरात हाच रिवाज होता. अप्पांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, दुकान काढलं तेव्हापासून घरच्या गाडीला नवा टायर कधी लागला नव्हता. नवा माल गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाइकाने उतरवलेल्यातला बरा दिसेल तो घरच्या गाडीला, आणि तो पार टकला होईपर्यंत तिथेच. अप्पांना या गोष्टीचा अभिमान होता. पाहुण्यांना सांगायचे, “आम्ही आमच्या चैनीला दुकानातला माल लावत नाही.” सगळे माना डोलवायचे. थोरलीनेही डोलवली होती.

पण आज तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अप्पा!” ती आत ओरडली. “बाहेर या जरा! बघा तुमच्या शेंडेफळाने काय दिवे लावलेत!”

अप्पा काठी टेकत आले. टायर पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला. “हं. हळू न्यायची म्हणजे झालं.”

“हळू? हा? हा जन्मात कधी हळू गेलाय? अप्पा, या खाचा कशासाठी असतात? पाणी बाहेर फेकायला. खाचाच नाहीत तर पाणी जाणार कुठे? टायर पाण्यावर चढणार. मग रस्ता खाली आणि हे वरती, मध्ये पाण्याचा पापुद्रा. आणि डोंगरावर रस्त्याला चाकोऱ्या पडल्यात, त्यात पाणी तुंबलेलं असतं. तिथे माझी पोर बसलेली असणार!”

“ताई, तू उगाच घाबरवतेस सगळ्यांना,” धाकटा म्हणाला. “गाडी माझ्या हातातली आहे.”

“घसरण आवरणारं बटण चालू ठेवतोस का?”

तो छत्री झटकायला लागला.

“ठेवतोस का, विचारलं मी!”

“ते चालू असलं की मजा जाते. गाडी आपल्याला गाडी चालवूच देत नाही.”

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. ज्या यंत्रणेने चाक घसरायला लागलं की ताकद आपोआप आवरायची, ती या पठ्ठ्याने बंद केली होती. वर मागे टकले टायर. आणि वर पाऊस. कुणाला मारायचंच ठरवलं असतं तरी याहून चांगली तयारी जमली नसती.

चिमी आतून पिशवी खांद्याला लावून आली. केस वर बांधलेले, डोळ्यांत झोप नाही. “निघायचं ना मामा?”

“निघायचं. पण आधी अप्पा बसणार,” थोरली म्हणाली.

“मी?” अप्पा.

“तुम्हीच. हळू न्यायची म्हणजे झालं ना? मग बसा. मागचं गोदामाचं आवार रिकामं आहे. सायकलच्या वेगाने एक फेरी, एक वळण. काही झालं नाही तर मी माझी जीभ कापून देते आणि पोरीला बसवते.”

अप्पांचा स्वभाव असा, की मागे हटणं माहीत नाही. काठी चिमीच्या हातात दिली, अंग दुमडून घेत गाडीत शिरले आणि पट्टा लावला. धाकट्याने थोरलीकडे बघून डोळा मारला. त्या डोळा मारण्यावरूनच तिला कळलं, की सायकलचा वेग हा काही ऐकणार नाही.

आवार खरंच मोठं होतं. गोदाम केव्हाचं बंद होतं, काँक्रीटवर पाणी साचलं होतं, आसपास चिटपाखरूही नव्हतं. गाडी सरळ गेली तोवर छान गेली. मग टोकाला वळताना धाकट्याने, वळण अजून पुरतं संपलेलं नसताना, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. जोरात नाही हो, थोडासाच. मागचा भाग बाहेर सरकला. तिथे शहाण्या माणसाने पाय हलकेच, अलगद सोडायचा असतो आणि जिकडे जायचं तिकडे बघत स्टिअरिंग सावरायचं असतं. धाकट्याने काय केलं? घाबरला आणि विंचू चावल्यासारखा पाय झटकन उचलला. मागची उरलीसुरली पकडही गेली. पिवळं गरकन फिरलं, पुन्हा फिरलं आणि आलं त्याच दिशेला तोंड करून थांबलं. मागचा दिवा गोदामाच्या भिंतीपासून हातभर लांब होता.

अप्पा बाहेर आले. चेहरा पांढराफटक पडलेला, तरी ताठा कायम. “पाऊस फार आहे आज,” ते म्हणाले.

झालं! थोरली छत्री टाकून पावसातच उभी राहिली. “पाऊस फार नाही, अप्पा! पाऊस पडतोच! टायर गेलेत! तुम्ही आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलात, मागचे चांगले ठेवा, पुढचं घसरलं तर कळतं, मागचं घसरलं तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. तुम्हीच सांगता ना? मग घरात तोंडाला कुलूप का लागतं तुमच्या? गिऱ्हाइकाचा जीव तेवढा जीव, आणि आपली माणसं काय फुकटात मिळालीत?”

धाकटा अजून आतच होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. त्याची बोबडी वळली होती. त्याला झोडपावं की जवळ घ्यावं, तिला कळेना, आणि न कळल्याने ती आणखीच चिडली.

“मी नाही जाणार मामाच्या गाडीतून,” चिमी हळूच म्हणाली. “आई, आपण आपल्या स्कूटरवरून जाऊया. वेळ आहे अजून.”

“बघा!” थोरली गरजली. “पोरीला कळतं! चल गं. कुणाची गरज नाही आपल्याला.”

ती तरातरा दुकानापुढे आली. स्कूटर स्टँडवरून काढली, चिमीचं हेल्मेट तिच्या डोक्यावर जवळजवळ आपटलंच, आणि तोंडाचा पट्टा चालू होता तो होताच. बेअक्कल, लाडावलेला, बिनडोक. अप्पांनाही दोन शब्द. चिमी मात्र मागे बसली नाही. वाकून मागच्या चाकाकडे बघत होती.

“काय झालं?”

“काही नाही.” मग चिमीने टायरवर तळहात फिरवला, आई फिरवायची अगदी तसाच. “हापण तसाच आहे ना गं?”

थोरलीने पाहिलं. पाहायची गरज नव्हती. तो टायर तिने स्वतःच्या हाताने चढवला होता. कुणाचा तरी उतरलेला. तेव्हा बरा होता. त्यानंतर ती रोज त्याच्यावरून चिमीला तलावावर सोडत होती, पहाटे, ओल्या रस्त्याने.

“तू कधी बोलली नाहीस,” तिच्या तोंडून निघालं.

“मला वाटलं, नवे टायर गिऱ्हाइकांसाठीच असतात,” चिमी म्हणाली. “आपल्याला असेच.”

ती तक्रार नव्हती. पोरीने अगदी साधं सांगितलं, नळाला पाणी येतं तसं. थोरलीने स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. राग गेला म्हणाल तर मुळीच नाही, उलट आणखीच उसळला. फक्त आता तो फेकायला समोर कुणी उरलं नव्हतं.

अप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत गेले आणि मांडणीच्या तळातून नव्या रुंद टायरची जोडी ओढायला लागले. संध्याकाळी एक गिऱ्हाईक न्यायला येणार होतं, त्याच्यासाठी मागवलेली. या दुकानातून दुसऱ्याचा राखलेला माल आजवर कधी हलला नव्हता.

“अप्पा, तो माल...” धाकटा मागून आला होता.

“गिऱ्हाइकाची माफी मी मागेन,” अप्पा म्हणाले. “जॅक आण. मग स्कूटरचाही काढ. नवा घे, मांडणीवरचा.”

धाकट्याने टायर बदलले. एकदाही विनोद केला नाही. शेवटचा नट आवळून झाल्यावर त्याने गाडीची किल्ली थोरलीपुढे धरली. चाकं जुळवून झाली की गिऱ्हाइकांच्या गाड्या फिरवून बघायचं काम तिचंच. असल्या गाड्या तिने पावसात कितीदा तरी चालवल्या होत्या.

“जपून,” अप्पा खिडकीशी वाकून म्हणाले. “नवा टायर सुरुवातीला जरा गुळगुळीत असतो...”

“अप्पा, मला शिकवू नका!” ती म्हणाली, आणि ते बटण चालू असल्याची पुन्हा खात्री करून घेतली.

डोंगरावर ती वरच्या गिअरमध्ये, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवून गेली. ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात काहीही झटक्याने नाही. चाक सरळ झालं की मगच पाय, तोही दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा. चाकोऱ्यांतलं पाणी चुकवून ती कडेकडेने चालली होती. मागे एक छोटी गाडी हॉर्न वाजवून वाजवून वात आणत होती. एवढ्या ताकदीची गाडी आणि ही चाल, असंच त्याला वाटत असणार!

“वाजव, मेल्या, वाजव,” थोरली दात खाऊन म्हणाली. “तुझे टायर बघ आधी.”

शेजारून काहीच आवाज आला नाही, म्हणून तिने क्षणभर नजर वळवली. महिनाभर या गाडीची वाट बघणारी चिमी मान कलती करून गाढ झोपली होती.