आपोआप वाजणारी घंटा

"घंटंला कुणी हात लावलाय का? दोरी तरी दिसतीय का?" नंदीश महाराजांनी विचारलं.

"न्हाय!" मांडवातली दोन-तीनशे माणसं एका सुरात ओरडली.

"मग बघा! ब्रह्मांडाचं नेटवर्क लागलं की रोग कट!"

महाराजांनी डोळे मिटून चौरंगाच्या कडेवर हात टेकला, आणि वरची पितळी घंटा आपोआप घणघणली. समोर बसलेल्या गोजरबाईंना रडू फुटलं. घंटा वाजली म्हणजे रोग गेला, गोळ्या बंद!

मागे उभे असलेले त्रिंबक सर मात्र घंटेच्या वरच्या लाकडाकडे बघत होते. त्या घंटेची मोटर त्यांनीच बसवली होती.

आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर सरांनी सोलापुरातल्या एका बंद यंत्रमाग शेडमध्ये वस्तीतल्या मुलांसाठी कार्यशाळा थाटली होती. ड्रिल, सोल्डरिंग, भंगारातल्या पंख्याच्या मोटरी. कुणीही यावं, हातानं बनवून शिकावं. गोजरबाई तिथं झाडलोट करायच्या. आठ दिवस त्या फिरकल्या नाहीत, म्हणून सर अंकिता या विद्यार्थिनीला घेऊन शोधत इथवर आले होते.

दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ शेडमध्ये आला होता. "देवळात म्हाताऱ्या बायांचा हात घंटंला पोचत न्हाय. काय तरी करा की."

सर खूश झाले. बटण दिसता कामा नये, असं तो म्हणाला, तेव्हा अंकितानं विचारलं होतं, "लपवायचं कशाला, सर?"

"तू वायरिंग बघ," म्हणून सरांनी तिला गप्प केलं होतं. पुजाऱ्याच्या अंगठीत चुंबक बसवायची युक्तीही त्यांचीच. वर मुलांपुढं त्या युक्तीची फुशारकीही मारली होती.

आता मांडवातून निमूट निघून जावं, असं सरांना वाटून गेलं. हे कळलं तर कार्यशाळेत कोण पोरं पाठवील?

"सर, मावशींचा पाय बघा," अंकिता म्हणाली.

पंधरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा घंटा वाजली, तेव्हाच बाईंनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या. जखमेवरच्या फडक्याबाहेर आलेलं बोट काळं पडलं होतं.

सर पुढे गेले. अंकिताच्या कार्यशाळेच्या पिशवीतलं जुन्या स्पीकरचं चुंबक त्यांनी गोजरबाईंच्या हातात दिलं. "बाई, हितं कडेला हात टेका."

घंटा वाजली.

"महाराजांच्या अंगठीत असंच चुंबक आहे," सर म्हणाले. "चौरंगात चुंबकानं चालू होणारं बटण, बांबूतून तार, वरच्या लाकडात मोटर. हे मी बनवलंय."

"यंत्र निमित्त हाय! शक्ती आमची!" महाराज गरजले.

अंकितानं चौरंगाखालची बॅटरी ओढून काढली. "मग आता वाजवा की, महाराज."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. लोक सरांकडे वळले. "तुमीच केलं, आन् तुमीच सांगाय आलाव व्हय?" सर गोजरबाईंना आधार देत बाहेर घेऊन गेले.

दवाखान्यात बोट काढावं लागलं, पाय वाचला. सर खाटेजवळ मान खाली घालून उभे राहिले. गोजरबाई म्हणाल्या, "सर, तुमच्या शेडात मी रोज झाडते. एवढं समदं तितं बनतंय. मला कदी दावलं न्हाय तुमी."

एवढं लाजिरवाणं सरांना मांडवातही वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं शेडमध्ये मोठी माणसंही आली. पुढच्या बाकावर गोजरबाई. सरांनी स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्याच हाती दिला. मांडवातली तीच घंटा त्यांनी उघडली, तार त्यांनी जोडली.

"चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी तो उघडून बघा," सर म्हणाले. "उघडू देत नसतील, तर उठून घरी जा. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि माझ्यासारखा कुणी शहाणा काही बनवत बसलेला दिसला, तर त्यालाही विचारा, हे कुणासाठी, कशासाठी? मी विचारलं नाही. त्याची किंमत मात्र या बाईंनी मोजली."