गुडघ्याला पॉलिश

पॉलिशमिस्त्रीचा उजवा गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा निदान त्यानं स्वतःच करून टाकलं होतं : बिजागरी गेलीय, आता तेलानं भागणार नाही. चाळीस वर्षं उकिडवं बसून त्यानं लोकांच्या खुर्च्यांचे पाय चकचकीत केले, आणि त्या नादात स्वतःच्या पायाची वाट लावून घेतली. हल्ली तो स्टुलावर बसून काम करी. त्यामुळे टेबलाची खालची फळी कोरडीच राही. गिऱ्हाइकांना ते कधी दिसलं नाही. मिस्त्रीला मात्र डोळे मिटले तरी तेवढंच दिसे. ऑपरेशनची तारीख मिळायला आठ महिने लागले होते आणि बायकोनं कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल पेनानं असा जाड गोल काढला होता, की मागच्या पानावरचा महिनाही जायबंदी झाला होता.

आदल्या दिवशी दवाखान्यात सिस्टरनं त्याच्या हातात अंगावरचे जंतू मारणाऱ्या गुलाबी औषधाची बाटली ठेवली.

"काका, नीट ऐका. आज संध्याकाळी एक अंघोळ, उद्या निघायच्या आधी दुसरी. मानेच्या खालीच लावायचं. तोंड, डोळे, कान, नाजूक जागा सोडून. अंग ओलं करायचं, नळ बंद, हलक्या हातानं लावायचं, दोन मिनिटं ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं. नंतर साबण नाही, तेल नाही, क्रीम नाही, पावडर नाही. आणि गुडघ्यावर वस्तरा अजिबात चालवायचा नाही. केस काढायचे असले तर आम्ही इथे काढू. कळलं?"

"कळलं," मिस्त्री म्हणाला.

हे 'कळलं' चाळीस वर्षांत कमावलेलं होतं. पॉलिश कसं करावं हे प्रत्येक गिऱ्हाईक त्याला समजावून सांगे. ते बोलत असताना मान डोलवायची, ते गेलं की आपल्या पद्धतीनं करायचं, हा त्याचा शिरस्ता. सिस्टरनं सगळं छापलेला एक कागदही दिला होता. पण बाहेरचं बाकडं डुगडुगत होतं, आणि डुगडुगणारी वस्तू मिस्त्रीला बघवत नसे. त्यानं कागदाची चौपदरी घडी केली आणि बाकड्याच्या पायाखाली सरकवली. घडी अगदी मापात बसली. बायको तेव्हा फॉर्मच्या रांगेत होती. ती असती तर तिनं कागद आधी वाचला असता. लेबलं वाचणं हा तिचा छंदच होता. काडेपेटीसुद्धा ती मागच्या बाजूनं वाचून घेई.

संध्याकाळी मिस्त्री कामाला लागला. पृष्ठभागावर रोमं असताना कुठलाही माल धरत नाही, हे कालचं पोरही सांगेल. म्हणून आधी काचपेपरच्या जागी दाढीचा वस्तरा. तोही रेषेच्या दिशेनं, घाई न करता. गुडघ्याच्या गोलाईवर दोनदा जरासं लागलं. गोल कामात तेवढं व्हायचंच. मग अंगभर औषधाचा पहिला हात. आता लावलेला माल धुऊन टाकायचा, हे वाक्य फक्त गिऱ्हाइकाच्याच तोंडी शोभतं, असं मनाशी म्हणत तो खोलीत आला आणि पंख्याखाली पाय लांब करून बसला. पहिला वाळल्यावर दुसरा हात.

दारावर थाप पडली. "अहो, अंघोळ करताय का स्वतःला वाळत घातलंय?"

"दुसरा हात ओला आहे. धूळ आत आणू नकोस."

तिसऱ्या हातानंतर त्यानं वरून पावडरीचा हलका फवारा दिला. गुडघ्याला अशी झळाळी आली होती, की तो बदलायचा आहे याचं त्याला क्षणभर वाईट वाटलं.

जेवताना त्याला खाज सुटली. आधी गुडघ्याला, मग पाठीला, मग अशा जागी, की बायकोसमोरही खाजवताना माणूस विचार करतो. तिनं घास ताटात ठेवला आणि बाटली आणून वाचायला घेतली.

"हे लावून धुतलं होतं का?"

मिस्त्रीनं भाताकडे बघितलं.

"अहो, मी काय विचारतेय?"

"धुवायचं होतं तर लावायला कशाला सांगतात?"

पुढचा अर्धा तास ती न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून बादल्या मोजत होती. "झाली का चौथी? अजून दोन! पाण्याचा आवाज येऊ द्या, नुसता तांब्या वाजवू नका!" खाज थांबली. टॉवेल तिनं ब्लीचमध्ये भिजत टाकला. सकाळी बघते तर पांढराशुभ्र टॉवेल तपकिरी!

मिस्त्रीनं तो उजेडात धरला. "अस्सल वॉलनटचा रंग. आणि एकाच हातात! काय टाकलंस यात?"

"माझं नशीब," ती म्हणाली आणि बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत 'ब्लीच वापरल्यास कपड्यांवर डाग पडतात' ही ओळ तिला सापडली. ती आपल्या नजरेतून सुटली, याचा तिला टॉवेलपेक्षा जास्त राग आला.

सकाळची अंघोळ त्यानं सांगितल्याबरहुकूम केली. वस्तऱ्याबद्दल मात्र तो घरात चकार शब्द बोलला नाही.

दवाखान्यात सिस्टरनं पायजमा वर सरकवला. गुडघ्यावर दोन लाल चिरा आणि भोवती पुरळ.

"हे काय केलंत?"

"मांजर," मिस्त्री म्हणाला.

"आपल्याकडे मांजर नाही," बायको म्हणाली.

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चष्मा वर केला, गुडघा पाहिला, चष्मा खाली केला. "आज नाही. या चिरांतून जंतू आत गेले तर नवा बसवलेला गुडघा पुन्हा काढावा लागेल."

"मॅडम, आठ महिने थांबलोय हो! वरवरचंच आहे. ती जागा सोडून कडेकडेनं घ्या ना."

"तुमचं काम काय?"

"पॉलिशचं."

"समजा, ओरखडे पडलेलं ओलं टेबल कुणी आणलं आणि म्हणालं, आजच्या आज वरून हात मारून द्या. माराल?"

असंच टेबल घेऊन आलेल्या एका वकिलाला मिस्त्रीनं दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलं होतं, आणि वर धंद्यातल्या सचोटीवर भाषणही दिलं होतं. इथे खोटं बोलायचं, तर ते भाषण परत घ्यावं लागलं असतं.

"नाही मारत," तो म्हणाला. "पुन्हा कोरं होऊ देतो."

"किती दिवस?"

मिस्त्रीनं गुडघा तिरक्या उजेडात बघितला. धंद्याची नजर खोटं बोलू देईना. "तीन आठवडे," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"लिहून घ्या, सिस्टर."

बाहेर येताना सिस्टर म्हणाली, "काका, कागद दिला होता ना सगळं लिहून?"

मिस्त्रीची नजर नको असताना बाकड्याकडे गेली. बायकोची नजर त्याच्या नजरेमागून गेली. तिनं वाकून घडी ओढली. बाकड्यावर बसलेले एक आजोबा एकदम उजवीकडे कलंडले आणि शेजारच्या बाईंच्या पिशवीत कोपरापर्यंत गेले.

तीन आठवड्यांनी, दोन्ही अंघोळींच्या वेळी, बायकोनं न्हाणीघराच्या दाराबाहेरून तोच कागद ओळ न ओळ मोठ्यानं वाचला. घड्यांवर अक्षरं पुसली होती, पण तोवर तिला तो पाठ झाला होता. मिस्त्रीनं लावलं, दोन मिनिटं मोजली, आणि इतका चांगला माल मोरीतून वाहून जाताना मन घट्ट करून पाहिला.

"धुतलं?" सिस्टरनं विचारलं.

"सगळं धुतलं."

"पावडर? तेल? वस्तरा?"

"कोरा आहे," मिस्त्री म्हणाला. "बोटसुद्धा लावलेलं नाही."

तिनं पायजमा वर केला, गुडघा सगळ्या बाजूंनी निरखला आणि वॉर्डबॉयला खूण केली. ढकलगाडी हलली, तसा मिस्त्रीनं बायकोचा हात धरला आणि मुठीतली एक छोटी लाकडी पाचर तिच्या तळहातावर ठेवली. दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत केलेली, पॉलिशचे तीन हात दिलेली.

"त्या बाकड्याखाली सरकव," तो म्हणाला. "उजवा पाय आहे."