न विचारता कापलेला पत्रा

मास्तरीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन आठवडे गाडीच्या आसपासही फिरकू नका म्हणून बजावलं, तेव्हा त्यांनी किल्ली भाच्याच्या हातात दिली. काम एवढंच होतं, की एक दिवसाआड गाडी सुरू करायची, चौकापर्यंत फिरवून आणायची. बॅटरी उतरू द्यायची नाही. बस्स.

गाडी अठ्ठावीस वर्षांची होती. तिच्यावर मास्तरीणबाईंनी निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं. शेजारच्या सीटसमोर त्यांचे स्वतःचे क्लच आणि ब्रेक होते, आणि त्यांचा पाय त्यांवर असा असायचा की इतकी वर्षं शिकाऊंच्या हाती राहूनही गाडीला एक पोचा म्हणून नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात भाचा गाडी घेऊन दारात आला. पस्तिशीचा बाप्या, बँकेत चांगल्या नोकरीला, पण गाड्यांचं वेड लहानपणापासून तसंच राहिलेलं. म्हणाला, मावशी, आधी डोळे मीट. बाई म्हणाल्या, आत्ता कुठे उघडलेत, मिटायला कशाला सांगतोस? आणि त्या तशाच बाहेर आल्या.

मागची दोन्ही चाकं बदललेली होती. चार बोटं जास्त रुंद टायर, काळ्या रिमा. ती आत मावावीत म्हणून मागच्या दोन्ही मडगार्डांची कड कापून वर उचलली होती, बाहेर फुगवली होती, आणि त्यावर नवा रंग मारला होता. जुन्या रंगाशेजारी तो रंग कोऱ्या ठिगळासारखा दिसत होता.

बाई फुगवलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. भाच्याला वाटलं, हरखली. तो सांगत सुटला, की आता गाडी रस्त्याला कशी चिकटून चालेल, वळणावर कशी हलणार नाही, आणि हे सगळं त्याच्याकडून, मावशीचे डोळे बरे झाले म्हणून.

"माझी गाडी कापलीस?" बाईंनी विचारलं.

कापली नाही, सुधारली, असं तो म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. तेवढ्यात बाईंची थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, येऊन पोचली, आणि तिने लेकाची बाजू घेतली. पोराने एवढ्या हौसेने केलंय, गोड बोलशील तर तुझं काय जातं? समोरची शिंपीणही खिडकीतून म्हणाली, की गाडी दहा वर्षांनी तरुण दिसतेय. जो येई तो कौतुक करी. त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा कळलं, की आपलं नुकसान झालं आणि आभारही आपणच मानायचे, असं माणसाच्या वाट्याला येऊ शकतं. त्यांनी आभार मानले नाहीत. जेवणही धड गेलं नाही.

तरी शिकवण्या थांबवून चालणार नव्हतं. डॉक्टरांची परवानगी मिळाली तशी त्यांनी सोमवारी सकाळी गाडी काढली. चालवायला एक नर्स होती, आणि मागच्या सीटवर बेकरीवाले नवराबायको आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. दोघंही आपलेच पाव मन लावून खाणारे, अंगाने चांगले भरलेले. पाण्याच्या टाकीपुढचा गतिरोधक ओलांडताना गाडीचा मागचा भाग खाली बसला, खर्रकन आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास आला. नर्स घाबरली, तिने स्टिअरिंग सोडूनच दिलं. बाईंनी एका हाताने ते धरलं, पायाने ब्रेक हळूहळू दाबत नेला आणि गाडी कडेला घेतली. उजवं मागचं टायर सुरीने कापावं तसं फाटलं होतं. पाचशे पावलांवर शाळेचं फाटक होतं.

बाई रस्त्यावर गुडघे टेकून वाकल्या आणि टॉर्च मारून मडगार्डच्या आत पाहू लागल्या. तिथला पत्रा एकेरी नसतो. बाहेरचा एक, आतला एक, आणि चाकावरच्या कडेला दोन्ही एकमेकांना जोडलेले असतात. कड कापली की तो जोडच जातो. मग आतल्या पत्र्याला चिरा देऊन त्याच्या पट्ट्या वळवायच्या, बाहेरच्या पत्र्याला नेऊन भिडवायच्या आणि वेल्डिंग करायचं. इथे त्यातलं काहीच केलेलं नव्हतं. दोन पत्र्यांमध्ये अंगठा जाईल एवढी फट होती, ती पुट्टीने लिंपून वरून रंग दिला होता. धक्क्याने पुट्टी गळून पडली होती आणि पत्र्याची उघडी धार टायरात घुसली होती.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतापर्यंत गाडीचं दुःख होतं. आता मागच्या सीटवरची दोन माणसं डोळ्यांपुढे आली.

जुनी चाकं भाच्याकडेच होती. त्यांनी त्याला बँकेतून बोलावून घेतलं, चाकं बसवायला लावली आणि ज्याने पत्रा कापला होता त्या डेंटरच्या वर्कशॉपवर तडक गाडी न्यायला सांगितली. 

डेंटरने आधी कानावर हात ठेवले. म्हणाला, तुमच्या भाच्याने घाई केली, रविवारच्या आत हवी म्हणाला. भाचा म्हणाला, आतलं काम असतं हे मला कुठे माहीत होतं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. बाईंनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं.

"त्याला माहीत नव्हतं," त्या डेंटरला म्हणाल्या. "तुला माहीत होतं. फट तू बघितलीस आणि पुट्टीचा डबा उघडलास. गाडीत माणसं बसतात, हे विसरलास की विसरायचं ठरवलंस?"

डेंटरने ग्राइंडर खाली ठेवला. 

पुढचे तीन दिवस बाई त्याच्या वर्कशॉपमध्ये स्टूल टाकून बसल्या. सगळी पुट्टी खरवडून काढायला लावली. आतल्या पत्र्याची एकेक पट्टी वळवून वेल्डिंग होताना काळी काच डोळ्यांपुढे धरून पाहिली. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी डोक्याला हात लावला असता. गंज लागू नये म्हणून आतून लेप द्यायला भाच्याला बसवलं, बँकेच्या कपड्यांनिशी. पहिल्या दिवशी डेंटर तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता. तिसऱ्या दिवशी मात्र तो स्वतःहून म्हणाला, की हा टाका मला पसंत नाही, परत मारतो.

काम पक्कं झालं, पण कापलेली कड काही परत आली नाही. तसा पत्रा आता कुठे मिळत नव्हता. जुन्या बारीक चाकांवर ती फुगलेली मडगार्डं थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखी दिसत, आणि बाईंना ती रोज दिसत. रोज राग यायचा.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी भाचा दारातच घुटमळला.

"मावशी, चुकलंच माझं. आतून कच्चं राहील असं वाटलं नव्हतं."

"पक्कं असतं तरी मी रागावलेच असते. विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"अरे, म्हणूनच विचारायचं असतं."

त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने ती दिली.

बहिणीने पंधरा दिवस अबोला धरला आणि मग कंटाळून सोडला. बेकरीवाले शिकवणीला परत आले. नर्स आली नाही. तिला फोन केला, तर म्हणाली, बाई, मला अजून तो आवाज ऐकू येतो.  पुढे दर रविवारी बाई गाडी घेऊन नर्सच्या घरी जाऊ लागल्या आणि गाडी तिच्या दारातच बंद ठेवून, स्वतः शेजारच्या सीटवर बसून, तिला नुसतं स्टिअरिंग धरायला लावू लागल्या. पाचव्या रविवारी नर्सने स्वतःच किल्ली फिरवली.