पिवळ्या पिनीला जागा नाही

मित्रांनो, मी पिवळी. एका जुन्या डीव्हीडी प्लेयरच्या वायरीला तीन पिना आहेत, त्यातली चित्र वाहून नेणारी मी. लाल आणि पांढरी या माझ्या बहिणी, त्या आवाज नेतात. आपली गोष्ट सांगताना आधी जन्म सांगायचा असतो, हे मला माहीत आहे. पण चांगुणाबाई तीन दिवस जेवलेल्या नाहीत आणि मी या क्षणी टीव्हीच्या मागे नुसती लोंबकळते आहे. म्हणून जन्म नंतर.

घर वडनेर भोलजीतलं. चांगुणाबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. शाळा नाही, बोटांची भाषा शिकवणारं कुणी नाही. त्यांची भाषा त्यांनी आणि किसनरावांनी मिळून घरातच तयार केली. चहा, भाकर, ऊन, ताप, पाहुणे आले, पाहुणे जाता जात नाहीत. चाळीस वर्षं त्या दोघांचा संसार हातांनी बोलत आला. किसनराव तीन आठवड्यांपूर्वी वारले आणि अर्धी भाषा त्यांच्यासोबत गेली.

किसनरावांच्या जलदानविधीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग चार दिवसांपूर्वी शेवटचे पाहुणे परतले. दुसऱ्याच दिवसापासून असं सुरू झालं: सून सारिका खाटेजवळ ताट आणून ठेवते आणि आपल्या कामाला जाते. चांगुणाबाई डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवतात. तीच बोटं खाली जमिनीवर दोनदा आपटतात. वाट पाहतात. आणि ताट सरकवून देतात.

ही खूण घरात कुणालाच कळत नाही.

मनगट म्हणजे नाडी असेल, म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. मनगट म्हणजे बांगड्या असतील, म्हणून खामगावहून आलेल्या लेकीनं, सुवर्णानं, बांगड्या आणल्या. धाकटा मुलगा प्रेमानंद, सारिकाचा नवरा, मात्र जमिनीवर अडला.

“माय वावराचा हिस्सा मागून राह्यली.”

“तुले सपनातबी वावरच दिसते बे,” सुवर्णा म्हणाली.

“मंग तू सांग ना! मोठी तू हायेस.”

तरी त्यानं सातबारा काढून आईसमोर धरलाच. बाईंनी कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्याच खिशात खोचून दिली.

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, “तपासणीत काही निघत नाही. पण संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर खामगावला भरती करा.” त्यावर सुवर्णा एकदम ताडकन उठली. “हे मी पाह्यलं हाये. माह्या लग्नाच्या डीव्हीडीत. बाबा कुठंतरी हातानं असंच करतात!”

आणि माळ्यावरून मला काढलं.

चित्र नाही. आवाज आहे.

प्लेयर सुरू झाला, डिस्क फिरली, सनई वाजली आणि पडदा काळाच. नवा टीव्ही चपटा, भिंतीला चिकटलेला. त्याच्या मागे पाच भोकं: हिरवं, निळं, लाल, पांढरं आणि पुन्हा लाल. पांढरीला पांढरं मिळालं, लालला लाल मिळालं. मला पिवळं भोक नव्हतंच. मित्रांनो, तुमच्या वर्गात बाकावर सगळ्यांना जागा मिळाली आणि तुम्ही एकटे उभे राहिलात, असं कधी झालं आहे का? तसं.

“मंग हिले दुसऱ्या लालमंदी घाल,” प्रेमानंद म्हणाला. घातलं. काळंच. मग बहिणीला उपसून तिच्या लालमध्ये मला घातलं. टीव्ही असा भुंकायला लागला की सारिकानं कानांवर हात ठेवले. मला बाहेर काढून सोडून दिलं आणि बहिणीला परत तिच्या जागी बसवलं.

सध्या कुणी मला हात लावत नाही, तेवढ्यात जन्म सांगते. मी कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात बहिणींना चिकटूनच जन्मले. सुवर्णाच्या लग्नाच्या वर्षी किसनराव नांदुऱ्याहून प्लेयर घेऊन आले, तेव्हा मी डब्यात गुंडाळलेली होते. त्या वेळचा टीव्ही डब्ब्यासारखा होता आणि त्याला माझ्यासाठी छान पिवळं भोक होतं. मला जोडायचं काम कायम चांगुणाबाईंचं. पिवळ्यात पिवळं. पुढे टीव्ही बदलला, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं दुकान बंद झालं, मोबाइल आले आणि आम्ही माळ्यावर गेलो. माझ्यातून ते सगळं लग्न कितीदा तरी गेलं आहे. म्हणजे ती खूणही माझ्यातूनच गेली असणार! पण मी वाहणारी. काय वाहिलं ते माझ्यात उरत नाही. आत्ता, या घडीला, मला त्याचं किती…

थांबा, युसूफभाई आले.

युसूफभाई गावातले टीव्ही दुरुस्त करणारे. त्यांनी रिमोट हातात घेतला, डोळे मिटले आणि कान लावला.

“आवाज एकदम साफ आहे बहिणी. म्हणजे प्लेयर बराबर, डिस्क बराबर.”

“पण फोटू काऊन येत नाही भाऊ?” सुवर्णानं विचारलं.

“पिवळीचं भोकच नाही ना याले. एक डब्बी लागते मधात बसवायची. खामगावात भेटंन. उद्या आणतो.”

“उद्या?” सुवर्णा मधेच म्हणाली. “संध्याकाळी तिले भरती करा लागते युसूफभाई. सलाईन लावतीन, हात बांधतीन. हात बांधल्यावर माय बोलंन कशी?”

काहीतरी करायचं म्हणून युसूफभाईंनी आवाज मोठा केला.

चित्र नाही. आवाज आहे. बुद्धवंदना झाली, टाळ्या झाल्या, पंगत बसली. भांड्यांचा खणखणाट. कुणीतरी ओरडलं, “बुंदी इकडं येऊ द्या!” आणि त्या गलक्यातून एक खर्जातला आवाज आला.

“अरे, त्या पाहुण्यायले बट्टी वाढा ना! कवाचे बसले.”

किसनराव.

प्रेमानंद खालीच बसला. सुवर्णानं तोंडावर पदर धरला. सारिका रडायला लागली, युसूफभाईंनी टोपी सारखी केली. चौघंही टीव्हीकडे तोंड करून, कान देऊन, एका माणसाच्या आवाजात बुडून गेले. माझ्या बहिणींनी आपलं काम चोख केलं होतं.

आणि त्या चौघांच्या पाठीमागे, खाटेवर, चांगुणाबाई बसल्या होत्या. त्यांना चार पाठी दिसत होत्या. पलीकडे एक काळा पडदा. नवरा त्याच खोलीत बोलत होता, हे त्यांना कोण सांगणार? मला दिसत होतं. मी भिंतीला लागून लोंबकळत होते. मला ओरडता येत नाही. आलं असतं, तरी त्यांना ऐकू आलं नसतं.

त्यांनी लग्नाचा फोटो असलेलं डिस्कचं पाकीट पाहिलं. लोंबकळणाऱ्या मला पाहिलं. मग त्या उठल्या. तीन दिवसांच्या उपाशी पायांनी, भिंत धरत आल्या.

“माय! पडशीन ना वं!” प्रेमानंद आडवा आला.

त्यांनी त्याला बाजूला केलं. त्याच्या हातातला मोबाइल, बॅटरी लावलेला, त्याच्या मनगटासकट धरून टीव्हीच्या मागे वळवला आणि गाल भिंतीला टेकवला. बाकीच्यांनी पिवळं भोक शोधलं होतं, ते नव्हतं. त्यांनी नुसतं पिवळं शोधलं. हिरव्या भोकाच्या काठाला नखाएवढी बारीक पिवळी कड होती. अर्धीच.

त्यांनी मला त्या हिरव्यात बसवलं.

पडदा हलला. राखाडी माणसं दिसायला लागली.

“या अल्ला, हिरव्यात?” युसूफभाई पुटपुटले. “हिरव्या-पिवळ्या दोघायचं मिळून एकच भोक ठेवलं होय यायनं. थांबा, आता रंग माह्याकडं लागला.” त्यांनी रिमोटवरून जोडणीचा प्रकार बदलला आणि मांडव निळा-पांढरा झाला. “सुवर्णाबाई, वीस वर्षांचं माहं दुकान. कोणाले सांगू नका.”

कुणी हसलं नाही. सगळे पडद्याकडे पाहत होते.

पंगत. चांगुणाबाई, केसांत फुलं, बट्ट्यांची टोपली घेऊन वाढत धावताहेत. लोक त्यांना हाका मारताहेत, त्यांना कळत नाही. किसनराव येतात. हाक मारत नाहीत. बाईंच्या मनगटावर दोन बोटं टेकवतात. मग पंगतीच्या टोकाला जाऊन मांडी घालतात आणि शेजारची रिकामी जमीन दोनदा वाजवतात. बाई टोपली दुसऱ्याच्या हातात देतात, येतात, बसतात. दोघांत एक पत्रावळ. कॅमेरा नवरदेवाच्या मित्रांकडे वळतो.

एवढंच.

“आपल्याले आधी जेवू घालून झोपवत,” सुवर्णा हळूच म्हणाली. “मंग हे दोघं संगं जेवाले बसत. आपुन कधी पाह्यलंच नाही, प्रेमा.”

सारिका तोवर स्वयंपाकघरातून ताट घेऊन आली होती. ती सवयीनं खाटेकडे वळली, थबकली आणि तिनं ताट जमिनीवर ठेवलं. सुवर्णानं आईच्या मनगटावर दोन बोटं टेकवली. ती ताटाशी बसली आणि तिनं शेजारची जमीन वाजवली. घाईघाईत तीनदा.

चांगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. खाली बसल्या. लेकीची ती दोन बोटं मुठीत धरली आणि जमिनीवर नीट आपटून दाखवली. एक. दोन.

मग भाकर मोडली.

मित्रांनो, जुन्या वायरी गुंडाळताना पिना मुरगळू नका, एवढं मागण्याचा मला हक्क आहे. आणखी एक मागते. आवाज आला म्हणजे सगळं पोचलं, असं धरून उठू नका. मागे वळून बघा. तुमच्या पाठीआड कुणीतरी चित्राची वाट पाहत असेल.

पहिला घास झाल्यावर चांगुणाबाईंनी हात लांब करून प्रेमानंदचं मनगट धरलं. मग सारिकाचं. युसूफभाई निघत होते, त्यांचंही. सारिकाला आणखी दोन ताटं आणावी लागली. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नाही. पडद्यावर पंगत चालू होती, खालीही चालू होती, आणि मी हिरव्या भोकात घट्ट बसून चित्र नेत राहिले.